ऋतू छापणारा गणपत कृष्णाजी

मृग जवळ आला की लालबाग-परळच्या चाळींत कोकणातला गिरणी कामगार पंचांगात एक गोष्ट आधी बघायचा: यंदा नक्षत्राचं वाहन काय? बेडूक, म्हैस, हत्ती असले तर भरपूर पाऊस. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर ओढ. गावाकडच्या पेरणीचा जीव त्या एका ओळीत अडकलेला असे.

ही ओळ छापून घरात येऊ लागली त्याचं श्रेय मुंबईच्या गणपत कृष्णाजींना. त्याआधी पंचांग हस्तलिखित असे आणि ते जोशीबुवांच्या तोंडून ऐकायचं. भंडारी समाजातल्या या माणसाने अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून स्वतः लाकडी यंत्र बनवलं, दगड शोधले, शाई करून पाहिली आणि १८३१ साली, शके १७५३चं पंचांग शिळाछापावर काढलं. मराठीतलं ते पहिलं छापील पंचांग.

खरी अडचण शाईची होती. शिळाछापाचं सगळं तंत्रच स्निग्धतेवर चालतं: दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा; पाणी कोऱ्या जागी राहतं, शाई फक्त अक्षरांना धरते. पण शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील कागदाला शिवेनात. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली. मला यात नुसती तडजोड दिसत नाही. आपला वाचक कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ऋतू युरोपातही छापले जात होते. प्रागमध्ये जन्मलेल्या वेन्स्लाउस होलारने १६४३-४४मध्ये लंडनला तांब्याच्या पत्र्यावर चार ऋतू कोरले, चार स्त्रियांच्या रूपात. त्यातला हिवाळा मुखवटा लावून आणि केसाळ कातडं पांघरून उभा आहे, मागे लंडनचा बाजार. ती चित्रं देखणी आहेत, पण पेरणी कधी करायची ते सांगत नाहीत. आपल्याकडे सहा ऋतू आले ते तिथी-नक्षत्रांच्या रकान्यांतून, रोज वापरायला.

पुढे जावजी दादाजींनी १८६९ साली पंचांगं छापणारा निर्णयसागर छापखाना काढला. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३चं. पंचांग कपाटातून भिंतीवर आलं ते त्याच्यामुळे. गुढीपाडव्याला पंचांगवाचन करणाऱ्यांनी सुरुवातीला गणपत कृष्णाजींचं नाव घ्यावं, एवढा त्यांचा हक्क आहे.