प्रतिजैविकरोधी जीवाणू : पाळीव कुत्रा आणि माणूस

नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे व कुत्रा आणि माणूस यांच्यात दोन्ही दिशांनी पसरणारे जीवाणू. कुत्र्याच्या त्वचेवर व नाकपुड्यांत राहणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस आणि आतड्यातील ई. कोलाय हे त्यांतील प्रमुख. मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र बहुधा माणसाकडूनच कुत्र्याकडे जातो. चाटणे, एकाच अंथरुणात झोपणे, विष्ठा उचलणे व उघडी जखम हाताळणे या संसर्गाच्या वाटा होत.

हैदराबादच्या संदर्भात प्रतिजैविकरोधाचा हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. शहरालगतच्या पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे ३१ मिग्रॅ.पर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक असल्याचे संशोधक योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात रोधक जीवाणूच तगून राहतात आणि आपली रोधक जनुके प्लाझ्मिड या लहान डीएनए-वर्तुळांवाटे इतर जीवाणूंना देतात.

कुत्र्याचा कान वारंवार वाहत असल्यास कोणते औषध लागू पडेल हे पाहण्यासाठी स्रावाच्या नमुन्यातील जीवाणू तबकडीत पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात व जीवाणू वाढू देतात. चकतीभोवती पुरेसे मोठे स्वच्छ वर्तुळ उमटले तर औषध लागू पडते; जीवाणूंची वाढ चकतीला भिडली तर ते निरुपयोगी. या चाचणीचा अहवाल येण्याआधी घरातल्या उरलेल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत.