बेस कुठं गेला?

१९८८ साली मेटॅलिका या अमेरिकन बँडचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम आला. बँडमध्ये माणसं चार. त्यांतला एक जेसन न्यूस्टेड, आणि त्याचं वाद्य बेस गिटार. आता हा अल्बम लावा आणि बेस गिटार शोधून दाखवा. ड्रम खणखणीत ऐकू येतात, गिटारी करवतीसारख्या चालतात, गाणारा गातो. तळाला जिथं बेस असायला हवा, तिथं मात्र जवळजवळ काहीच नाही. माणूस स्टुडिओत होता, त्यानं वाजवलं होतं, त्याचं रेकॉर्डिंगही झालं होतं. मग बेस गेला कुठं?

गावाकडं ‘लई बेस झालं’ म्हणतात, तो बेस वेगळा. पण वाद्यवृंदात तळाचा सूर नीट बसला की होतं ते तेच, बेस होतं. तो नसला तर काय नाही ते सांगता येत नाही, फक्त काहीतरी उणं आहे एवढंच जाणवतं.

या चौकशीचा माग काढत गेलं, की आपण एका फार ओळखीच्या वस्तूपाशी पोचतो. इक्वलायझर! कॅसेट डेकच्या जमान्यात तो अनेक घरांत येऊन गेला. पाच, सात किंवा दहा उभ्या खाचा आणि त्यांत वरखाली सरकणारे स्लायडर. घरोघरी त्यांची मांडणीही ठरलेली: दोन्ही टोकांचे वर, मधले खाली. इंग्रजी ‘व्ही’सारखा, हसऱ्या ओठांसारखा आकार. असं का ठेवलं, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, ‘भारी वाटतं.’

वस्तूचं नाव मात्र वेगळंच सांगतं. इक्वलायझर म्हणजे समान करणारा. तो जन्मला टेलिफोनच्या तारेवर. लांब तारेतून बोलणं पाठवलं की आवाजातले वरचे सूर खालच्या सुरांपेक्षा जास्त झिजतात. पलीकडच्याला बोलणं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. तारेनं जे कमी केलं ते तेवढंच भरून काढायचं आणि आवाज मुळात होता तसा करायचा, यासाठी टेलिफोनच्या इंजिनिअरांनी ही मंडलं बनवली. सजावट करायची नव्हती, झीज भरायची होती. ही यंत्रं ज्या लोखंडी चौकटीत बसवत ती १९ इंच रुंदीची रॅकही टेलिफोनच्याच घरातली. आज जगातल्या कुठल्याही मैफलीत साउंडवाल्याशेजारी जी रॅक दिसते, तिची रुंदी तीच १९ इंच. एका खणाची उंची पावणेदोन इंच. शंभर वर्षांत कुणी बदललेली नाही.

१९२७ नंतर सिनेमा बोलू लागला आणि थिएटरचे आवाज नीट करायची गरज पडली. १९३०च्या दशकात आरसीए कंपनीच्या जॉन व्होल्कमन यांनी हवा तसा बदलता येणारा इक्वलायझर थिएटरसाठी केला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढं सिनेमा इंजिनिअरिंग या कंपनीनं ‘७०८०’ नावाचं यंत्र काढलं. सहा पट्टे, प्रत्येक पट्टा ८ डेसिबल वर किंवा खाली, एकेका डेसिबलच्या पायरीनं. स्लायडर ज्या उंचीवर ठेवले, त्या उंचीची रेघ डोळ्यांना दिसते, म्हणजे आलेखच! म्हणून त्याला ‘ग्राफिक’ म्हणू लागले. या यंत्रांमागचा मोठा माणूस आर्ट डेव्हिस. त्यांनीच पुढं आल्टेक कंपनीसाठी सात पट्ट्यांचा इक्वलायझर केला.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. ती रेघ पूर्ण खरी नसते. शेजारशेजारचे पट्टे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. मधले तीन स्लायडर थोडे थोडे खाली घेतले, तर प्रत्यक्षात खड्डा दिसतो त्याहून खोल पडतो. डोळ्यांनी इक्वलायझर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग पाळी आली सभागृहांची. कविसंमेलनाला गेलेल्या प्रत्येकानं माइकची ती शिट्टी ऐकली आहे. कवी पहिली ओळ वाचायला तोंड उघडतो आणि त्याच्या आधी स्पीकरच किंचाळतो. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि सभागृहाला जो सूर विशेष आवडतो त्यावर हे चक्र पेटतं. १९५८ मध्ये डलासच्या लव्ह फील्ड विमानतळावर वेन रुडमोस यांनी अशा जागेचा आवाज शास्त्रीय पद्धतीनं मांडून पाहिला. १९६०च्या दशकात टेक्सास विद्यापीठाचे पॉल बोनर यांनी दाखवलं, की पेटणारे सूर नेमके शोधून तेवढेच खाली घेतले तर बाकीचा आवाज न बिघडवता शिट्टी बंद होते. १९६७ मध्ये आल्टेकनं याच विचाराची, सप्तकाच्या एक तृतीयांश रुंदीच्या पट्ट्यांची यंत्रणा आणली.

सप्तक म्हटलं की आपल्याला हिशेब सोपा जातो. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत गेलं की कंपनं दुप्पट होतात. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपनं. ही झाली दहा सप्तकं. प्रत्येकाचे तीन भाग केले आणि दोन्ही टोकं धरली की ३१ स्लायडर. रॅकमधला तो ३१ पट्ट्यांचा इक्वलायझर याच हिशेबातून आला. त्याचं मुख्य काम काढून टाकण्याचं आहे, वाढवण्याचं नाही. वाढवणं महागही पडतं. एखादा पट्टा १० डेसिबल वर केला, की त्या सुरासाठी ॲम्प्लिफायरकडून दहापट वीजशक्ती मागितली जाते. ५० वॉट लागत असतील तिथं ५००. खालच्या सुरांवर हे केलं की स्पीकरचे कागद फाटतात. गणपतीच्या दिवसांत मांडवामागं उभं राहून पाहा, त्यांची आर्त थरथर ऐकू येते.

एवढी पूर्वपीठिका सांगितल्यावर गिटारकडं येतो. फेंडर कंपनीनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी तळाचा सूर वाजवणारा माणूस, माणसापेक्षा उंच असा डबल बेस उभा धरून वाजवायचा आणि ड्रमच्या गोंगाटात बुडायचा. नव्या वाद्याला विजेचा आवाज मिळाला. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. साध्या गिटारची जाड तार ८२ वर, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. दोघं नात्यानं जवळचे. म्हणूनच भांडणाची शक्यता.

१९७०च्या दशकापासून बरेच बेसवादक आणि गिटारवादक घडीव ॲम्प्लिफायरऐवजी सुटे भाग रॅकमध्ये रचून घेऊ लागले: वर प्री-ॲम्प्लिफायर, मध्ये ग्राफिक इक्वलायझर, खाली पॉवर ॲम्प्लिफायर. ज्यांना रॅक वाहून नेणं नको, त्यांच्यासाठी बॉस कंपनीनं १९८१ मध्ये सात स्लायडरचा पायाखाली ठेवायचा छोटा इक्वलायझर काढला. त्यातला पहिला पट्टा १०० हर्ट्झचा, शेवटचा ६,४०० चा. त्याच्या वर नाही, कारण गिटारचा स्पीकर पाच-सहा हजारांच्या पुढं फारसं बोलतच नाही. ३१ पट्ट्यांच्या रॅकवर गिटारवाल्यानं शेवटचे चारपाच स्लायडर कितीही हलवले, तरी फार तर खरखर वाढते.

जाणता बेसवादक या रॅकवर काय करतो, ते ऐकण्यासारखं आहे. नवशिका ४० आणि ६० हर्ट्झचे स्लायडर वर ढकलतो, कारण बेस म्हणजे खाली, असं त्याला वाटतं. जाणता २०० ते ३०० च्या आसपास थोडं कमी करतो, तिथं चिखल साचतो म्हणून. आणि ७०० ते १,००० च्या दरम्यान किंचित वाढवतो. मध्येच! कारण बोट तारेवर पडल्याची खूण, सुराचा चेहरा तिथं असतो. तुमच्या खिशातल्या ट्रान्झिस्टरला ४१ हर्ट्झ वाजवता येणं शक्यच नाही, त्याचा स्पीकर बशीएवढाही नसतो. तरी त्यावर जुनी गाणी ऐकताना बेसची चाल आपल्याला कळते. ८२, १२३, १६४ असे वरचे उपस्वर कानाला मिळाले, की मेंदू ४१ चा मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. मोटाउन कंपनीची माणसं म्हणूनच मोटारीतल्या रेडिओएवढ्या छोट्या स्पीकरवर आपलं मिक्सिंग तपासून पाहायची. आपल्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी जे तळाचे सूर भरले, तेही मुख्यतः अशाच छोट्या पेट्यांतून देशभर पोचले.

मग तो हसरा ‘व्ही’ सगळ्यांना का आवडतो? कारण कान सरळ नाही. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आवाज हळू असेल तेव्हा कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि काही प्रमाणात अगदी वरचेही. मधले मात्र चोख ऐकू येतात. त्यामुळं घरी, बेताच्या आवाजात, दोन्ही टोकं वर केली की गाणं भरल्यासारखं वाटतं. गिटारवादकही खोलीत एकटा बसून स्लायडर असेच लावतो. एकट्यानं वाजवताना तो आवाज खरोखर भव्य लागतो. मग तो मंचावर जातो, आवाज मोठा होतो, ड्रमच्या झांजा वरचा मजला घेतात, बेस खालचा घेतो, आणि मधलं स्वतःच्या हातानं रिकामं केलेला हा गृहस्थ दिसेनासा होतो. गझलेचा प्रत्येक शेर एकटा उभा राहू शकतो. बँडमधल्या वाद्याला ती मुभा नाही. ढोल-ताशाच्या पथकात पाहा, ताशा कडाडतो तो ढोलाला खालची सगळी जागा मोकळी सोडून.

हेवी मेटल बँडांनी या ‘व्ही’चं शास्त्रच केलं. कॅलिफोर्नियाच्या मेसा बूगी या कंपनीनं आपल्या मार्क मालिकेतल्या ॲम्प्लिफायरवरच पाच स्लायडरचा ग्राफिक बसवून दिला: ८०, २४०, ७५०, २,२०० आणि ६,६०० हर्ट्झ. ७५० चा खाली, टोकांचे वर. मेटॅलिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ याच कंपनीच्या मार्क टू सी प्लस या ॲम्प्लिफायरवर उभा आहे. पण तिथं बेसवर क्लिफ बर्टन होता. तो गिटारच्या सावलीत चालणारा नव्हता. स्वतःची चाल वाजवायचा, मधल्या पट्ट्यातून खरखरीत आवाजात बोलायचा. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला. वय २४.

त्याच्या जागी आला न्यूस्टेड. पुढच्या अल्बममध्ये त्यानं बहुतेक ठिकाणी गिटारचीच चाल, सुराला सूर जुळवून, वाजवली. आणि गिटार तर मध्य पोकळ करून तळाला पसरलेली. ८० हर्ट्झचा स्लायडर वर, म्हणजे बेसच्या अगदी उंबऱ्यावर. मिक्सिंग करणारे स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढं मुलाखतींत सांगितलं, की आपण बेस ऐकू येईल असाच ठेवला होता. ड्रमवादक लार्स उलरिक यांनी तो कमी करायला लावला, आणि मग आणखी कमी. ड्रमच्या इक्वलायझरची मांडणीही उलरिक ठरवूनच आले होते, असं थॉम्पसन सांगतात. नव्या माणसाला मुद्दाम दाबलं, मित्राच्या मृत्यूचा राग त्याच्यावर काढला, असंही बोललं गेलं. असेलही. पण मला वाटतं, न्यूस्टेडला कुणी बाहेर काढण्याआधीच त्याचं घर गिटारीनं व्यापलं होतं. मिक्सरवरचा शेवटचा हात फक्त दार लावून घेण्यापुरता होता.

१९९१ च्या अल्बममध्ये बॉब रॉक हा निर्माता आला आणि बेस परत आला. न्यूस्टेडनं २००१ मध्ये बँड सोडला. १९८८ चा अल्बम २०१८ मध्ये नव्यानं साफसूफ करून पुन्हा काढला, तेव्हा बेस मुद्दाम होता तसाच ठेवला. इतिहासाला हात लावायचा नाही, असं बँडचं म्हणणं.

दरम्यान २००९ मध्ये मेटॅलिकाच्या गाण्यांवर ‘गिटार हिरो’चा एक व्हिडिओ खेळ निघाला होता. त्यात वाजवणाऱ्याच्या सोयीसाठी प्रत्येक वाद्य वेगळं ठेवलेलं. चाहत्यांनी त्यातून त्या अल्बमच्या काही गाण्यांचा बेस सुटा काढला, आवाज वाढवला आणि गाण्यांत पुन्हा घातला. तो सुटा ऐकला तर एकही सूर गाळलेला नाही. जोरात, प्लेक्ट्रमनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलेला आहे.