मेंडोझाचे केस
* लंडनचा ज्यू मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा (मृत्यू १८३६). उंची जेमतेम पाच फूट सात इंच. त्यामुळे बाजूला सरकणे, ठोसा हातावर अडवणे आणि लगेच उलट ठोसा देणे यांवर त्याची सारी भिस्त. १७८९ मध्ये त्याने या विद्येवर पुस्तकही काढले. १५ एप्रिल १७९५ रोजीच्या लढतीत धिप्पाड प्रतिस्पर्धी जॉन जॅक्सनने एका हाताने त्याचे लांब केस मुठीत धरले आणि दुसऱ्याने त्याला बदडून काढले. याला कोणी सरळ लबाडी म्हणेल. ते पटत नाही. मुष्टियोद्धा ब्रॉटनने १७४३ मध्ये घातलेल्या आणि तेव्हाही चालू असलेल्या नियमांत पडलेल्याला मारायला आणि कमरेखाली धरायला मनाई होती, केसांबद्दल चकार शब्द नव्हता. याच जॅक्सनकडे पुढे बॉंड स्ट्रीटवर कवी बायरन ठोसेबाजी शिकायला जात असे.