‘सोडली’ म्हणजे नेमकं काय?

आसेगावच्या आमच्या बचत गटात मागे आम्ही एक यादी केली. घरातल्या कोणी तंबाखू, खर्रा, बिडी सोडली ते लिहायचं. बारा नावांपुढे ‘सोडली’ लिहिलं. मग एकीनं विचारलं, “कधीपासून?” आम्ही गप्प! कोणी आठ दिवसांचं सांगितलं होतं, कोणी वर्षाचं.

हा प्रश्न मोठ्या संशोधकांनाही पडला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ साली छापून आला. पुढे याच संस्थेनं केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या छत्तीस हजार तंबाखूवाल्यांना व्यसन सोडायला समजावलं. दरवर्षी घरोघरी जाऊन विचारपूस केली, तोंड तपासलं आणि समजावणी न मिळालेल्या लोकांशी तुलना केली. म्हणून १९८६ साली त्यांना ठामपणे सांगता आलं, की समजावल्यानं जास्त लोक सोडतात.

२००५ साली इंग्लंडमधल्या तज्ज्ञांनी ‘रसेल प्रमाण’ मांडलं. सिगारेट सोडून सहा महिने किंवा वर्ष व्हावं, त्या काळात पाचाच्या वर ओढलेल्या नसाव्यात, श्वास तपासून खात्री करावी. आणि पत्ता माहीत असूनही जो पुन्हा भेटत नाही, त्यानं सोडली नाही असंच धरावं.

असं का? समजा वीस जणांना मदत केली. आठच परत भेटले, त्यातल्या सहांनी सोडली. आठात सहा म्हटलं तर वाहवा होते. खरा हिशोब मात्र विसात सहा.

पण आपल्याकडे एक अडचण आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, तर तोंडातला तंबाखू वापरणारे २४.४ टक्के निघाले. श्वासाच्या यंत्राला चघळलेला तंबाखू कळत नाही. म्हणून आपल्याला नीट विचारणं आणि नीट लिहिणं हाच आधार.

आता आमच्या वहीत चार रकाने आहेत: काय खातो किंवा ओढतो, सोडल्याची तारीख, महिन्यानं काय, सहा महिन्यांनी काय. ज्याची पुन्हा सवय लागली, त्याचं नाव खोडत नाही. त्यालाच तर मदत हवी. त्याला आम्ही १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक देतो.

तुमच्याही वहीत हे रकाने आखा, बायांनो.