२८ नॅनोग्रॅम प्रोमेथियम

आवर्तसारणीत ४३ व्या घरात टेक्निशियम असते. त्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. तरीही १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्निशियमच्या रेषा आढळल्या. त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. ताऱ्यांचे वय त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे हे टेक्निशियम ताऱ्यातच तयार होत होते.

कसे, याची मांडणी १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी केली. त्याच वर्षी कॅमेरॉन यांनीही स्वतंत्रपणे केली. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने अणुकेंद्र त्याला दूर लोटत नाही. न्यूट्रॉन आत शिरला की केंद्र जड होते, आणि ते अस्थिर असेल तर बीटा-ऱ्हास होऊन पुढचे मूलद्रव्य बनते. लोखंडापुढची बहुतेक मूलद्रव्ये अशी घडली.

तांबड्या राक्षसी ताऱ्यांत ही प्रक्रिया संथ चालते. एक न्यूट्रॉन गिळल्यावर दुसरा मिळेपर्यंत अस्थिर केंद्राला ऱ्हास पावायला बहुधा सवड मिळते. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे की काही केंद्रांचे अर्धायुष्य अडनिडे असते, आणि तेथे ऱ्हास व ग्रहण यांत चुरस लागते. पाटाला चारी फुटावी तसा प्रवाह दुभंगतो. निओडिमियम-१४७ (११ दिवस) आणि प्रोमेथियम-१४७ (२.६ वर्षे) यांच्यापाशी असे फाटे आहेत. तेथे न्यूट्रॉन जितके दाट, तितका अधिक प्रवाह समेरियम-१४८ ला वळसा घालतो. समेरियम-१५० पाशी मात्र सगळा पुन्हा एकत्र येतो. हे दोन्ही समस्थानिक संथ प्रक्रियेतूनच बनतात. म्हणून आपल्या हातातल्या समेरियममधील त्यांच्या प्रमाणावरून, तो घडवणाऱ्या ताऱ्यांच्या पोटात न्यूट्रॉन किती दाट होते हे काढता येते. आमच्या मते या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती.

अडचण एकच होती: प्रोमेथियम-१४७ न्यूट्रॉन किती सहज गिळते, याचे दीर्घकाळ केवळ सैद्धांतिक अंदाज होते. नमुना मोठा घेतला तर त्याच्याच प्रारणात मोजमाप बुडते; लहान घेतला तर मोजायला काही उरत नाही. जर्मनीत कार्ल्सरूहे येथे ते जमले, आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. नमुना होता २८ नॅनोग्रॅमचा. एका ग्रॅमचे साडेतीन कोटी भाग केले तर त्यातला एक! त्यात सुमारे एक लाख अब्ज अणू होते, आणि अर्धायुष्यावरून विद्यार्थ्यांनाही काढता येईल की दर सेकंदाला त्यांतले जवळजवळ दहा लाख फुटत होते. लिथियमवर प्रोटॉनचा मारा करून न्यूट्रॉन मिळवले. प्रोटॉनची ऊर्जा नेमकी राखली, तर सुटणाऱ्या न्यूट्रॉनांच्या वेगांची विभागणी जवळजवळ ३० कोटी अंश तापमानाच्या ताऱ्यातल्यासारखी असते. मग तयार झालेले प्रोमेथियम-१४८ त्याच्या गॅमा किरणांवरून मोजले. त्यातून न्यूट्रॉनांची घनता निघाली दर घन सेंटीमीटरला सुमारे ५० कोटी. आपल्या वर्गातल्या हवेत रेणू याच्या हजारो कोटी पट दाट असतात.

सोन्यासारखी मूलद्रव्ये मुख्यतः शीघ्र प्रक्रियेतून येतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत तिच्या खुणा दिसल्या. तिथली कित्येक केंद्रे सेकंदभरही टिकत नाहीत, त्यांचा नमुना कसा करणार? केंद्रांचा झोत न्यूट्रॉनांवर सोडावा म्हटले, तर मुक्त न्यूट्रॉनही पाव तासाच्या आतच सरासरीने संपतो. २०१४ साली राइफार्ट आणि लिट्विनॉव्ह यांनी सुचवले की, झोत फिरवणारे कडे अणुभट्टीच्या गाभ्यातूनच न्यावे, म्हणजे तिथले न्यूट्रॉन हेच लक्ष्य ठरेल.