केबल काढणारा परीक्षक

बेलापूर नावाच्या स्टेशनावर उतरलात तर तुम्ही बेलापुरात नसता, श्रीरामपुरात असता. आमचं गाव तिथून काही किलोमीटर आत, प्रवरेच्या काठी. रेल्वे आली तेव्हा जवळचं मोठं गाव आमचं, म्हणून स्टेशनाला नाव मिळालं बेलापूर. पुढे स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, शहर झालं, तालुक्याचं ठिकाण झालं. पण रेल्वेच्या दफ्तरी स्टेशन अजूनही बेलापूरच, कोड बीएपी. पुण्यात कुणाला गाव सांगितलं की हमखास विचारतात, "नवी मुंबईतलं का?" नेटवर्किंगमध्ये याला डुप्लिकेट अॅड्रेस म्हणतात, आणि त्याने काय काय गोंधळ होतात ते मी लहानपणापासून भोगतोय.

हा लेख एका परीक्षेच्या इतिहासाबद्दल आहे. सीसीआयई तिचं नाव. सिस्को कंपनीची, आठ तासांची, प्रत्यक्ष नेटवर्क उभं करून दाखवायची परीक्षा. मी ती दुसऱ्या प्रयत्नात पास झालो. पहिल्या प्रयत्नात का झालो नाही, हे सांगायला मला जरा लाज वाटते, पण त्याशिवाय या परीक्षेचा इतिहास नीट सांगता येणार नाही.

सुरुवात रेल्वेपासूनच करतो. आमच्या गावाजवळून जाणारा दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला. त्याआधी मुंबईहून निघालेले दोन मोठे मार्ग कल्याणला फुटायचे: एक बोर घाट चढून पुण्या-सोलापूरकडे, दुसरा थळ घाट चढून नाशिक-भुसावळकडे. म्हणजे सोलापूरचा माल भुसावळला पाठवायचा तर एक घाट उतरून कल्याणला यायचं आणि दुसरा घाट चढायचा. दौंड-मनमाडने हा वळसा वाचवला. दोन लांब फांद्यांची टोकं आपसात जोडली की सगळी वाहतूक बुंध्यापर्यंत न्यावी लागत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी राउटिंग शिकताना सर फळ्यावर जी आकृती काढत होते, ती मला ओळखीची वाटली, कारण आजोबांनी ती अंगणात काडीने कितीतरी वेळा काढली होती.

आजोबा रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागले आणि केबिनमन म्हणून निवृत्त झाले. त्यांची नोकरी बहुतेक एकेरी मार्गांवरच्या छोट्या स्टेशनांवर गेली. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी नील बॉल टोकन नावाची पद्धत होती. लागोपाठच्या दोन स्टेशनांवर एकमेकांना विजेने जोडलेली दोन यंत्रं. त्यांतून धातूचा एक गोळा काढला की दोन्हीकडची यंत्रं बंद, दुसरा गोळा कुठूनच निघत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी पुढच्या टप्प्यात जाणार. पुढच्या स्टेशनावर गोळा परत यंत्रात पडला की मार्ग मोकळा. कॉलेजात टोकन रिंग हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला दुसरं काही आठवेना. ज्याच्याकडे टोकन, त्यानेच बोलायचं. आयबीएमच्या त्या नेटवर्कमध्ये फक्त गोळ्याऐवजी बिट्स होते.

आजोबांना केबिनचं काम मिळायच्या आधी एक परीक्षा द्यावी लागली होती. ते तिला 'कॉम्पिटन्सी' म्हणतात. नियमांचं पुस्तक पाठ होतंच, पण साहेब केबिनमध्ये शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "समज, हा पॉइंट फसला. सिग्नल पडत नाही. गाडी बाहेर उभी आहे. आता काय करशील?" पुस्तकातला नियम कितवा हे त्याने विचारलंच नाही, असं आजोबा अजून सांगतात.

आता कॅलिफोर्निया, 1993.

सिस्को ही कंपनी लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्डमधल्या जोडप्याने 1984 साली काढली. धंदा राउटर विकण्याचा. त्या काळी प्रत्येक कंपनीचे संगणक आपापली बोली बोलायचे: नोव्हेलची आयपीएक्स, अॅपलची अॅपलटॉक, डिजिटलची डेकनेट. राउटरला या सगळ्या बोली एकाच खोक्यात सांभाळायच्या होत्या. विक्री वाढली तसे मदतीसाठी येणारे फोन वाढले, आणि फोन करणाऱ्याला खरंच काही येतंय की नाही हे कळायची सोय नव्हती. स्टुअर्ट बिग्ज या सिस्कोच्या अभियंत्याने त्यासाठी परीक्षा तयार केली. पुढे बरीच वर्षं सीसीआयई झालेल्याचा फोन पहिल्या फळीत न अडकता थेट वरच्या अभियंत्याकडे जायचा. ही सवलत मला पगारवाढीपेक्षा जास्त मोलाची वाटते, पण असो.

परीक्षा दोन दिवसांची होती. दिलेल्या अटींप्रमाणे नेटवर्क बांधायचं. शंभरपैकी ऐंशी गुण हवेत. पहिल्या दिवसाअखेर पुरेसे गुण नसतील तर दुसऱ्या दिवशी यायचंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात की परीक्षक तुमच्या नेटवर्कमध्ये शिरायचा आणि ते मोडायचा. दीड दिवस खपून तुम्ही स्वतः उभं केलेलं. कुठे कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बदललेली, कुठे केबलच हललेली. परत येऊन काय मोडलंय ते शोधायचं आणि घड्याळ संपायच्या आत दुरुस्त करायचं. मला हा परीक्षेचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. खऱ्या नोकरीत नेटवर्क बांधायला तुम्हाला क्वचितच बोलावतात. रात्री दोनला फोन येतो तो मोडल्यावर येतो.

क्रमांक 1024 पासून सुरू झाले, म्हणजे दोनाचा दहावा घात. हा पहिला क्रमांक कुणा माणसाला मिळाला नाही, तो परीक्षेच्या खोलीलाच दिला. 1025 बिग्जचा. 1026 टेरी स्लॅटरी या सल्लागाराचा. सिस्कोबाहेरचा पास झालेला पहिला माणूस. गंमत म्हणजे आम्ही सगळे सिस्कोच्या राउटरवर ज्या पद्धतीने आज्ञा टाइप करतो, तो कमांड लाइनचा भाग याच स्लॅटरीने सिस्कोसाठी लिहिला होता. दार बनवणाऱ्या सुतारालाच विचारलं, बाबा, कुलूप उघडून दाखव.

तेव्हा आपल्याकडे काय होतं? 1986 मध्ये अर्नेट सुरू झालं होतं. मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी एकमेकींना ईमेल पाठवू लागल्या होत्या. पण सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलमार्फत. स्लॅटरी पास झाला तेव्हा श्रीरामपुरात एसटीडी बूथवर रात्री स्वस्त दराची वाट बघत रांगा लागत. पुढे इथल्या मुलांनी ही परीक्षा द्यायची ठरवली तरी बंगळुरूला केंद्र होईपर्यंत परदेशात जाणं भाग होतं. लॅमिंग्टन रोडवरून जुने राउटर उचलायचे, खोलीत पंखा बंद ठेवून राउटरचा पंखा ऐकत रात्र काढायची, अशा त्या पिढीच्या गोष्टी मला सीनिअर लोकांनी सांगितल्या आहेत. आता एका लॅपटॉपमध्ये वीस राउटर चालतात.

मग ऑक्टोबर 2001 मध्ये परीक्षा एका दिवसाची झाली. दोन दिवसांच्या परीक्षेला माणसं लागतात, खोल्या लागतात, आणि देणारे तर वाढत होते. कारण समजण्यासारखं आहे. पण कात्री लागली ती नेमकी मोडण्याच्या भागाला. बांधायचं, तपासून घ्यायचं, घरी जायचं.

आणि जे फक्त बांधायचं असतं ते पाठ करता येतं. दहावीला भूमितीचं प्रमेय पाठ करतो तसंच. परीक्षेत कोणती आकृती येते, कोणत्या राउटरवर कोणत्या ओळी टाकायच्या, हे परीक्षा देऊन आलेल्यांकडून गोळा होऊ लागलं, विकलं जाऊ लागलं. याला डम्प्स म्हणतात. सिस्कोने 2009 च्या सुरुवातीला काही छोटे प्रश्न घातले, ज्यांची उत्तरं आपल्या शब्दांत लिहायची. उमेदवारांनी इतकी ओरड केली की ते फार टिकले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मात्र मोडलेलं नेटवर्क परत आलं: दोन तास फक्त बिघाड शोधायचे. बिघाड आता आधीच घालून ठेवलेले असायचे, कारण तुमचं नेटवर्क हाताने मोडणारा परीक्षक हजारो उमेदवारांना पुरणार कसा? 2014 मध्ये निदानाचा वेगळा अर्धा तास आला आणि खोलीतली खरी यंत्रं जाऊन आभासी राउटर आले. फेब्रुवारी 2020 पासून पहिले तीन तास डिझाइन, नंतरचे पाच तास उभारणी, चालवणं आणि सुधारणं. डिझाइनमध्ये एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही.

मी 2022 मध्ये पहिल्यांदा बसलो. फी सोळाशे डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा लाखाच्या वर. कंपनी पैसे परत करणार होती, पण पास झाल्यावर. ते पैसे वडिलांनी उसाच्या बिलातून दिले. त्यांना मी सांगितलं होतं की वर्षभर अभ्यास केलाय. हे अर्धं खरं होतं. आठ महिने केला होता. मग एका क्लासकडून 'खरी लॅब' म्हणून एक वर्कबुक घेतलं, आणि पुढचे चार महिने ते पाठ केलं. आकृती डोळे मिटून काढता यायची. कोणत्या राउटरवर कितवी ओळ, तेही. रूममेटला मी आव्हान द्यायचो, कुठलंही पान उघड.

कर्नाटक एक्स्प्रेस आमच्याच दौंड-मनमाड मार्गावरून बंगळुरूला जाते. नगरला चढलो. दुहेरीकरणाचं काम चालू होतं. एका छोट्या स्टेशनावर समोरची गाडी येईपर्यंत आम्ही बराच वेळ उभे होतो. मी वर्कबुकची उजळणी केली.

परीक्षेतलं बाहेर सांगायचं नाही असं सही करून दिलेलं आहे, तेव्हा प्रश्न सांगणार नाही. एवढंच सांगतो: आकृती ओळखीची होती आणि एक अट बदललेली होती. माझे हात आपोआप चालले. सगळं टाइप करून झालं आणि नेटवर्क चालेना. तेव्हा मला कळलं की कुठून बघायला सुरुवात करायची हेच मला माहीत नाही. पाठ केलेल्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचत होतो, शुद्धलेखन तपासल्यासारख्या. दोन तास तसेच गेले. निकाल मेलवर आला, तो मी उघडायच्या आधीच मला माहीत होता.

वडील काही बोलले नाहीत. त्याने जास्त त्रास झाला. वर्कबुकचं मी आजोबांना सांगितलं, कारण त्यांना अर्धंच ऐकू येतं असं माझं गणित होतं. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "तुझी लाइन कुणी मोडलीच नाही कधी."

वर्कबुक डिलीट केलं. पुन्हा पहिल्यापासून बसलो. एक मित्र दर रविवारी ऑनलाइन यायचा, मी चहाला उठलो की माझ्या नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडवून ठेवायचा. त्याने केलेला एक बिघाड सांगतो, कारण त्याने माझी अख्खी दुपार खाल्ली. दोन राउटर ओएसपीएफवर एकमेकांना हॅलो म्हणत होते, पिंगही जात होतं, पण मार्गांची माहिती देवाणघेवाण होईना. गाडी एक्सस्टार्ट या अवस्थेत अडकलेली. मी पासवर्ड तपासले, एरिया तपासले, टायमर तपासले. शेवटी सापडलं: एका बाजूला पाकिटाचा कमाल आकार 1500 बाइट, दुसऱ्या बाजूला 1400. नमस्कार छोटा असतो, तो दारातून जातो. पण पुढच्या पाकिटात दोघे आपापला कमाल आकार सांगतात, आणि तो जुळला नाही की बोलणी तिथेच थांबतात. हे पुस्तकात मी तीनदा वाचलेलं होतं.

दिवाळीत घरी दोन-तीन जुने राउटर आणि एक स्विच आणला होता. आजोबांना म्हटलं, मी बाहेर जातो, काहीही एक करा. वाटलं केबल काढतील. निघालेली केबल दिवा विझल्यावर लगेच दिसते. मी परत आलो तर सगळे दिवे हिरवे. सगळ्या केबली जागेवर. अर्धा तास गेला. त्यांनी दोन केबलींची अदलाबदल केली होती. "गाडी चुकीच्या लाइनीवर घेतली," ते म्हणाले, "उभी नाही केली." मग शिकवलं, ते जवळपास असं: उभ्या गाडीपासून उलटं जाऊ नकोस, जिथून निघाली तिथून बघ, शेवटची बरोबर कुठे होती ते सापडलं की पुढचाच टप्पा खराब. नेटवर्किंगच्या पुस्तकांत यालाही एक पद्धत म्हणून नाव आहे. मला आजोबांचं वाक्य जास्त उपयोगी पडलं. नंतर परीक्षेत पाचव्या तासाला डोकं बंद पडलं तेव्हा मी कीबोर्डवरून हात काढून हेच केलं.

2023 मध्ये पुन्हा बंगळुरू. दोन दिवसांनी मेल आला, पाच आकडी क्रमांक मिळाला. वडिलांनी क्रमांक वहीत लिहून घेतला, ऊस कारखान्याला घातल्याच्या तारखांखाली. आजोबांनी विचारलं, "सर्टिफिकेट किती दिवस चालतं?"

"तीन वर्षं. आधी दोनच होती."

"मग?"

"मग परत सिद्ध करायचं."

"आमचंही तसंच होतं," म्हणाले, आणि राउटरच्या मागे हात घालायला उठले.