कागदाच्या पोटातली खूण

जुने तिकीटसंग्राहक तिकीट आधी पालथं घालतात. काळ्या बशीत ते पालथं ठेवायचं, वर बेंझिनचे दोन थेंब सोडायचे. कागदातलं जलचिन्ह, जुन्या भारतीय तिकिटांवर चांदण्यांचं, क्षणभर गडद उमटतं. 1931 साली नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त नाशिकच्या प्रेसने सहा तिकिटं छापली, ती भारताची पहिली सचित्र तिकिटं. त्यांतल्या चांदण्यांचं टोक डावीकडे आहे की उजवीकडे, हे संग्राहक आजही निरखून पाहतात.

या जलचिन्हाचं मूळ इटलीतल्या फाब्रियानोत, 1282 च्या सुमारास. लगदा गाळायच्या जाळीवर तारेची आकृती बसवली की तिथे कागद पातळ बनतो आणि उजेडात धरल्यावर तेवढाच भाग उजळतो. हा कागद माझ्या हातचा, एवढंच तिथल्या कारागिराला सांगायचं होतं. सरकारांनी ती युक्ती पुढे उचलली. नाशिकरोडला 1928 पासून नोटाही छापल्या जाऊ लागल्या. शंभराची नोट खिडकीसमोर धरा: कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा सावल्यांसकट दिसतो, शेजारी 100 हा आकडा त्याहून लख्ख. दोन्हींत शाईचा थेंब नाही. चेहरा कागदाच्या कमी-जास्त जाडीतून येतो, आकडा साच्यावर बसवलेल्या धातूच्या तुकड्यांमुळे. छपाईआधीच, लगदा ओला असताना खूण पडलेली असते, म्हणून ती खरवडून निघत नाही.

संगणकावरच्या चित्राला लगदा कुठला? अदृश्य खुणेची कल्पना मात्र तिथे संगीतातून आधीच आली होती. अमेरिकेतल्या म्यूझॅक कंपनीच्या एमिल हेमब्रुक यांनी 1954 मध्ये गाण्यातच ओळखीचा संकेत दडवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. चित्रांसाठी 1993 मध्ये ऑस्ट्रेलियात टिर्केल आणि सहकाऱ्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक वॉटरमार्क’ मांडला. प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यातला शेवटचा, सर्वांत हलका अंक बदलायचा. डोळ्यांना पत्ता लागत नाही. पण फोटो जेपेगमध्ये दाबला की अशी खूण सहज पुसली जाते.

खरी उडी 1997 ची, इंगेमार कॉक्स आणि सहकाऱ्यांची. त्यांनी उलटा विचार केला. चित्राचं गणिती पृथक्करण करून त्यातले सर्वांत वजनदार 1000 घटक निवडायचे आणि खूण त्यांच्यातच किंचित किंचित मिसळायची. ती काढायला जाणाऱ्याला चित्रच बिघडवावं लागतं. फाब्रियानोच्या कारागिराला हे लगेच पटलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकच्या छायाचित्रकारांना अशा खुणेची गरज मोठी आहे. सिंहस्थात पहाटेपासून रामकुंडावर उभं राहून टिपलेला फोटो संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या नावाने फिरतो. कोपऱ्यातलं नाव कापायला बोटाचा एक फटकारा पुरतो. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65ब आलं: हक्कांची माहिती देणारी खूण जाणूनबुजून, परवानगीविना काढली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण खूण आपलीच हे दाखवावंही लागतं, आणि कॉक्स यांच्या पद्धतीत ती पडताळायला मूळ, बिनखुणेचं चित्र शेजारी लागतं. म्हणून कॅमेऱ्यातली पहिली फाइल कुणालाही न देता स्वतःजवळ जपून ठेवावी.